सन आणि ल मोंद समोरासमोर ठेवण्याआधी: ब्रिटिश व फ्रेंच दैनिकांची तुलना करण्याच्या पायऱ्या

फ्रेंचच्या वरच्या वर्गात किंवा पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात हा प्रकल्प हमखास वाट्याला येतो: ब्रिटन आणि फ्रान्समधली लोकप्रिय दैनिकं घ्या, दर्जेदार दैनिकं घ्या आणि तुलना करा. बहुतेक प्रकल्पांचा शेवटही ठरलेला असतो. ब्रिटिश टॅब्लॉइड भडक, फ्रेंच पेपर गंभीर, संपलं. हे लिहायला एकही अंक उघडावा लागत नाही. एका हातात द सन आणि दुसऱ्या हातात ल मोंद घेतला की उत्तर तिथंच ठरून गेलेलं असतं. गोंधळ वाचताना होत नाही, पेपर निवडताना होतो. म्हणून या लेखाचा निम्मा भाग वाचण्याआधी करायच्या कामाबद्दल आहे.

पायरी १: प्रश्न लहान करा

'तुलना करा' हा काही प्रश्न नव्हे. नेमकं काय बघणार ते एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: एकाच घटनेला पान एकवर किती जागा मिळाली? गुन्ह्याच्या बातमीत आरोपीबद्दल कितपत सांगितलं जातं? मथळ्यात कोट्या कोण करतं? यातला एकच प्रश्न घ्या. पहिल्यांदा करत असाल तर एक घटना, तिचं पान एक आणि आतली मुख्य बातमी एवढा ऐवज पुष्कळ झाला.

सावधान: 'सनसनाटी', 'उथळ', 'दर्जेदार' हे शब्द प्रश्नात येऊ देऊ नका. तो निकाल आहे, आणि निकाल हातात घेऊन बसलं की पुरावाही तसाच सापडतो.

पायरी २: जोड्या लावा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

ब्रिटनपासून सुरुवात करू. तिथं थर दोन नाहीत, तीन आहेत. खाली द सन, डेली मिरर, डेली स्टार. वर द टाइम्स, द गार्डियन, द डेली टेलिग्राफ, फायनॅन्शियल टाइम्स. आणि मध्ये डेली मेल आणि डेली एक्स्प्रेस. मेलला 'टॅब्लॉइड' म्हणून सनच्या शेजारी बसवणं ही नेहमीची चूक आहे. मेलचा वाचक वेगळा आहे, बातम्या लांब असतात, आणि राजकारण पान एकवर ठाण मांडून असतं. ४ नोव्हेंबर २०१६ चा मेलचा अंक काढून बघा: ब्रेक्झिटच्या खटल्यात सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींचे फोटो आणि त्यावर 'जनतेचे शत्रू' असा मथळा. त्या मुख्य बातमीत ना सिनेनटी, ना फुटबॉल. विषय राज्यघटनेचा, सूर मात्र रस्त्यावरच्या मोर्चाचा. हा मधला थर वेगळा धरला नाही तर तुमचे सगळे आकडे गढूळ होतात.

दुसरी चूक कागदाच्या आकाराची. 'टॅब्लॉइड' (लहान) आणि 'ब्रॉडशीट' (मोठा) ही मुळात आकाराची नावं, पण आकारावरून दर्जा ओळखायचे दिवस गेले. द टाइम्स २००४ च्या अखेरीपासून पूर्णपणे लहान आकारात निघतो. द गार्डियन २००५ मध्ये बर्लिनर या मधल्या आकारात गेला आणि जानेवारी २०१८ पासून टॅब्लॉइड आकारात छापला जातो. ब्रिटनच्या मोठ्या राष्ट्रीय दैनिकांमध्ये जुना मोठा आकार टेलिग्राफ आणि फायनॅन्शियल टाइम्स यांनीच टिकवला आहे. इंग्लिश चॅनेलच्या पलीकडे लिबेरासियों पहिल्यापासून टॅब्लॉइड आकाराचा आहे, आणि तो स्थापन झाला १९७३ मध्ये तत्त्वज्ञ झाँ-पॉल सार्त्र यांच्या पुढाकाराने. त्याला लोकप्रिय पेपरांच्या रकान्यात टाकणारी मुलं दरवर्षी भेटतात.

आता फ्रान्स. तिथं सनचा जुळा भाऊ शोधू नका, तो नाही. त्यातल्या त्यात जवळचा म्हणावा असा फ्रान्स-स्वार डिसेंबर २०११ मध्ये छापणं बंद झाला. म्हणजे फ्रेंच माणूस गुन्हे, खेळ आणि नटनट्यांच्या भानगडी वाचतच नाही असं नव्हे. सनमध्ये जे एकाच अंकात मिळतं ते फ्रान्समध्ये चार ठिकाणी विखुरलेलं आहे:

– अपघात, गुन्हे, स्थानिक घडामोडी, म्हणजे ज्याला तिकडे 'फे दिवेर' म्हणतात ते: ल पारिझियँ आणि प्रादेशिक दैनिकं.
– खेळ: लेकिप. हे स्वतंत्र क्रीडा दैनिक आहे.
– प्रसिद्ध व्यक्तींची खासगी आयुष्यं: क्लोझर, वोआसी यांसारखी साप्ताहिकं, आणि जरा सभ्य कपड्यात पारी-माच.
– सत्ताधाऱ्यांची अंडीपिल्ली: ल कानार आँशेने. दर बुधवारी निघतं, एकही जाहिरात घेत नाही.

शिवाय फ्रान्समधलं सर्वाधिक खपाचं दैनिक पॅरिसचं नाहीच. ते रेन शहरातून निघणारं वेस्त-फ्राँस. खपात ते ल मोंद आणि ल फिगारो दोघांच्याही पुढे आहे. खप हाच लोकप्रियतेचा निकष लावायचा तर फ्रान्सचं 'लोकप्रिय' दैनिक हेच. आणि गुन्ह्यांच्या बातम्यांसाठी या पेपरने स्वतःला घालून घेतलेला नियम साधारण असा आहे: सांगा, पण इजा करू नका, दाखवा, पण धक्का देऊ नका. एवढं एक उदाहरण समोर ठेवलं तरी 'लोकप्रिय म्हणजे भडक' हे समीकरण डळमळतं.

मग जोड्या कशा लावायच्या? काम एक आणि वाचक साधारण एक, असं बघून:

– टेलिग्राफ आणि ल फिगारो: दोन्ही उजवीकडे झुकलेले, सुस्थितीतला वाचक. सगळ्यात चांगली जमणारी जोडी.
– गार्डियन आणि लिबेरासियों: दोन्ही डावीकडे. पण लिबेरासियों अधिक खट्याळ.
– टाइम्स आणि ल मोंद: 'नोंदीचे पेपर' (ज्यांच्यातली बातमी विश्वासार्ह नोंद मानली जाते असे) म्हणून जोडी जमते, राजकीय कल जमत नाही. तसं स्पष्ट लिहा.
– फायनॅन्शियल टाइम्स आणि लेझेको: अर्थविषयक.
– मिरर आणि ल पारिझियँ: सामान्य वाचकापुरती जोडी. मिरर उघडपणे लेबर पक्षाच्या बाजूचा, पारिझियँ मात्र अशी बाजू घेत नाही.

सनला जोडी हवीच असेल तर एका पेपराऐवजी संच घ्या: सन एका बाजूला, ल पारिझियँ, लेकिप आणि एक साप्ताहिक दुसऱ्या बाजूला. हे अवघडल्यासारखं वाटेल, पण दोन देशांतला खरा फरक इथंच दिसतो. ब्रिटनमध्ये पेपरांची उतरंड मुख्यतः वाचकाच्या वर्गावर आहे. फ्रान्समध्ये पॅरिस की प्रांत, डावा की उजवा, हे प्रश्न आधी येतात.

तपासा: प्रत्येक जोडीसमोर 'ही जोडी कशासाठी' आणि 'कुठे जमत नाही' अशी दोन वाक्यं लिहिता येतात का? दुसरं वाक्य सुचत नसेल तर तो पेपर तुम्ही अजून नीट चाळलेला नाही.

खपाच्या आकड्यांबद्दल एक सूचना. ब्रिटनमध्ये एबीसी आणि फ्रान्समध्ये एसीपीएम या संस्था खप तपासतात, पण सन, टाइम्स आणि टेलिग्राफ यांनी २०२० पासून आपले आकडे जाहीर करणं थांबवलं. फ्रेंच आकड्यांत डिजिटल वर्गणीदारही धरलेले असतात. त्यामुळे दोन्ही देशांचे आकडे एका स्तंभालेखात शेजारी उभे करू नका.

पायरी ३: तारखा जुळवा

इथं भलेभले घसरतात, कारण ल मोंद दुपारचा पेपर आहे. पॅरिसमध्ये तो आज दुपारी विक्रीला येतो आणि त्यावर तारीख उद्याची असते.

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलच्या आगीचं उदाहरण घ्या. आग लागली सोमवार, १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे मंगळवार, १६ एप्रिलला, लंडन आणि पॅरिस दोन्हीकडच्या सकाळच्या पेपरांत पान एकवर आगच होती. पण १६ एप्रिल ही तारीख असलेला ल मोंद सोमवारी दुपारीच बाजारात आलेला होता. त्यात आग कुठून असणार? आगीचा अंक मंगळवारी दुपारी निघाला आणि त्यावर तारीख होती १७ एप्रिल. केवळ तारीख बघून १६ चे सगळे अंक गोळा केले, तर 'ल मोंदने आगीकडे दुर्लक्ष केलं' असा धडधडीत खोटा निष्कर्ष निघतो.

तारीख जुळवल्यावरही एक फरक उरतोच. ल मोंदच्या संपादकांना सकाळच्या पेपरांपेक्षा जास्त तास मिळाले होते. त्यांच्या अंकात विश्लेषण जास्त असेल तर त्याचं श्रेय गांभीर्याला देण्याआधी घड्याळाला द्या.

रविवार टाळा. ल मोंदचा शनिवारी निघणारा अंक रविवार-सोमवार असा जोडतारखेचा असतो, फिगारो आणि लिबेरासियों यांचा रविवारचा अंक नसतो, आणि ब्रिटनचे रविवारचे पेपर हा तर वेगळाच संसार आहे. मंगळवार ते गुरुवार यातला दिवस घेतलात की यातल्या बहुतेक कटकटी टळतात.

तपासा: एका कागदावर चार रकाने आखा. घटना कधी घडली, पेपर कधी छापायला गेला, कधी विक्रीला आला, त्यावर तारीख कोणती. प्रत्येक अंकासाठी ही ओळ भरा. भरता येत नसेल तर तो अंक बाजूला ठेवा.

पायरी ४: कोणती आवृत्ती, आणि छापील की वेबसाइट

आपल्याकडे लोकमत किंवा सकाळच्या जिल्हा आवृत्त्यांची पहिली पानं वेगवेगळी निघतात, तसंच तिकडेही आहे. वेस्त-फ्राँसच्या पन्नासच्या आसपास स्थानिक आवृत्त्या आहेत. ल पारिझियँ पॅरिस आणि परिसरासाठी. तोच पेपर उरलेल्या देशात ओजुर्दुई आँ फ्राँस या नावाने विकला जातो. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडच्या आवृत्त्या सांभाळा. ३० एप्रिल २०१५ ला लंडनच्या सनने हुजूर पक्षाला पाठिंबा दिला आणि त्याच दिवशी स्कॉटिश सनने स्कॉटिश नॅशनल पार्टीला. मालक एक, नाव जवळपास एक, आणि कौल दोन.

वेबसाइटवरचा मजकूर आणि छापील पान एकमेकांत मिसळू नका. मेलची वेबसाइट आणि मेलचा छापील पेपर यांचा स्वभाव इतका वेगळा आहे की दोन वेगळी प्रकाशनं समजलात तरी चालेल. वेबसाइटवरचा मथळा दिवसभरात बदलत राहतो. तुम्ही पाहिला तो नेमका कितवा, हे सांगता येत नाही. द इंडिपेंडंट तर मार्च २०१६ पासून छापलाच जात नाही, तो छापील तुलनेत घेऊ नका.

अंक मिळवायचे कुठून? पहिल्या पानांसाठी किऑस्को डॉट नेटवर देशवार, तारीखवार चित्रं असतात. आतल्या पानांसाठी प्रेसरीडर, किंवा फ्रेंच शिकवणाऱ्या आलियाँस फ्राँसेजच्या सभासदत्वावर मिळणारं कल्चरथेक हे डिजिटल ग्रंथालय. शाखेतल्या ग्रंथपालांना विचारा. अंक मिळाला की लगेच पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट साठवा आणि फाइलच्या नावात पेपर, तारीख, आवृत्ती टाका. हे 'नंतर करू' म्हणणाऱ्यांची सादरीकरणाच्या आदल्या रात्री काय धावपळ होते ते विचारू नका.

पायरी ५: पान एक मोजा

मोजल्याशिवाय मत नको. पान ए-फोर कागदावर छापा, त्यावर पेन्सिलीने दहा बाय दहाची जाळी आखा. शंभर चौकोन झाले. आता मोजा: मास्टहेड (पेपरच्या नावाची पट्टी) किती चौकोन, लीडचा (मुख्य बातमीचा) मथळा किती, छायाचित्र किती, प्रत्यक्ष मजकूर किती, आतल्या पानांकडे नेणाऱ्या चौकटी किती, जाहिरात किती. अर्धवट चौकोन अर्धा धरा. मूळ आकार कोणताही असो, टक्केवारी थेट हाती येते, हाच या पद्धतीचा फायदा.

याच क्रमाने पुढे जा: आधी ब्रिटनचे सगळे अंक, मग फ्रान्सचे सगळे. आलटून पालटून मोजलं तर 'अर्धा चौकोन' म्हणजे किती याचा हिशेब मधेच बदलतो.

सावधान: मोठा फोटो आणि मोठा मथळा दिसला की लगेच 'लोकप्रिय' असा शेरा मारू नका. लिबेरासियोंचं पहिलं पान बहुतेक वेळा एकच छायाचित्र आणि एकच मथळा असं असतं. ते पोस्टरसारखं दिसतं, पण आत पानंच्या पानं मजकूर असतो. म्हणून पान एकसोबत त्याच घटनेला आत मिळालेली पानंही मोजा.

पायरी ६: मथळे आणि भाषा

पुन्हा नोत्र-दामकडे येऊ. १६ एप्रिल २०१९ चे फ्रेंच मथळे बघा. ल फिगारो: 'ल देझास्त्र', म्हणजे अनर्थ. कॅथलिक दैनिक ला क्रुआ: 'राख झालेलं हृदय'. ल पारिझियँ: 'नोत्र-दाम दे लार्म', अश्रूंची नोत्र-दाम. आणि लिबेरासियों: 'नोत्र द्राम', म्हणजे 'आपली शोकांतिका', एका अक्षराच्या फरकाने केलेली कोटी. आता सांगा, कोटी हे लोकप्रिय पेपराचं लक्षण की दर्जेदार? ब्रिटनमध्ये कोटी म्हटलं की सन आठवतो. फ्रान्समध्ये ती लिबेरासियों आणि कानार आँशेने यांची ओळख आहे, आणि तिचा आस्वाद घेणारा वाचक शिकलासवरलेला असतो. एकच लक्षण दोन देशांत दोन वेगळ्या थरांवर बसतं. अशी लक्षणं सापडली की त्यांच्यावर खूण करा, प्रकल्पाचा जीव त्यांच्यातच असतो.

यानंतर खात्री आणि आरोप यांतली सीमारेषा तपासा. ब्रिटिश मथळ्यात एकेरी अवतरणात शब्द असेल तर ते पेपरचं म्हणणं नाही, कोणाचा तरी दावा आहे. फ्रेंच पेपर हेच काम क्रियापदाच्या रूपावर सोपवतात. 'ओरे' असं रूप आलं की अर्थ 'त्याने केलं असतं' असा नाही, तर 'त्याने केल्याचं सांगितलं जातं' असा. व्याकरणाच्या पुस्तकात 'संकेतार्थ' शिकलेली मुलं इथं बातमीचा अर्थच फिरवून टाकतात. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असाल तर परकीय भाषा आणि पत्रकारिता हे दोन्ही विभाग आवारातच आहेत; अशी वाक्यं शेजारच्या विभागातल्या कोणाला तरी दाखवून घ्या.

माणसांचा उल्लेख कसा होतो तेही टिपा. ब्रिटिश लोकप्रिय पेपर नावासोबत वय देतो, बरेचदा मुलं किती आणि घराची किंमत किती हेही. ल मोंद पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव देतो आणि पुढे 'मसिय माक्राँ' अशा अदबीने बोलतो. एकाच बातमीतल्या एकाच माणसाचे सगळे उल्लेख ओळीने लिहून काढा. शेरे मारण्यापेक्षा ही यादी जास्त बोलते.

वाक्यांची लांबी मोजणार असाल तर एक नियम पाळा: इंग्रजी वाक्य आणि फ्रेंच वाक्य यांची थेट तुलना करू नका. तोच मजकूर फ्रेंचमध्ये एरवीही जास्त शब्द घेतो. आधी सन आणि टाइम्स यांच्यातलं अंतर काढा, मग पारिझियँ आणि ल मोंद यांच्यातलं. आणि मग ही दोन अंतरं शेजारी ठेवा.

तपासा: अग्रलेख आणि बातमी वेगळी केली आहे का? ब्रिटिश अग्रलेखावर लेखकाचं नाव नसतं. ल मोंदच्याही नसतं. लिबेरासियोंच्या संपादकीयावर मात्र सही असते. बाहेरच्या लेखकाने लिहिलेल्या 'त्रिब्यून'ला पेपरचं मत समजू नका.

पायरी ७: फरक दिसला की आधी कायदा बघा

फ्रेंच दैनिकं नेत्यांच्या खासगी आयुष्यात कमी डोकावतात, हे निरीक्षण बरोबर. त्यावरून 'फ्रेंच पत्रकार सुसंस्कृत' म्हणणं घाईचं. १९७० च्या कायद्याने फ्रेंच नागरी संहितेत कलम ९ आलं आणि खासगी आयुष्याचा मान राखण्याचा हक्क तिथं स्पष्ट लिहिला गेला. ब्रिटनमध्ये असं एकच थेट कलम नाही. १९९८ च्या मानवी हक्क कायद्याच्या आधाराने न्यायालयांनी हे संरक्षण हळूहळू उभं केलं. फ्रान्समध्ये साप्ताहिकं हा धोका पत्करतात आणि भरपाई मोजतात: तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओलाँद आणि अभिनेत्री झुली गाये यांची छायाचित्रं क्लोझरने जानेवारी २०१४ मध्ये छापली आणि गाये यांना न्यायालयाने १५,००० युरो देववले. उलटही घडलं आहे. २०१२ मध्ये केंब्रिजच्या डचेस केट यांची चोरून काढलेली छायाचित्रं ब्रिटिश दैनिकांनी छापली नाहीत. ती छापली फ्रेंच क्लोझरने.

गुन्ह्याच्या बातम्यांतही हेच. दोषी न ठरलेल्या व्यक्तीचा बेड्या घातलेला फोटो छापायला फ्रान्समध्ये जून २००० च्या कायद्याने मनाई आहे. ब्रिटनमध्ये न्यायालयाच्या अवमानाचा १९८१ चा कायदा आहे, त्यामुळे अटकेनंतर पेपरांना हात आखडता घ्यावा लागतो. म्हणून खटला कोणत्या टप्प्यावर होता हे न लिहिता दोन बातम्यांच्या सुराची तुलना करू नका.

मालकीची एक ओळ प्रत्येक पेपरसमोर हवी. सन आणि टाइम्स एकाच समूहाचे, म्हणजे मर्डोक यांचे. ल पारिझियँ आणि लेझेको दोन्ही एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या समूहाकडे. ल फिगारो दासो समूहाकडे. गार्डियनमागे स्कॉट ट्रस्ट. लोकप्रिय आणि दर्जेदार पेपर एकाच घरातून निघू शकतात, हे दोन्ही देशांत खरं आहे.

पायरी ८: लिहायला बसताना

क्रम असा ठेवा: आधी मोजलेलं, मग वाचलेलं, मग कारणं. आधी ब्रिटनमधला वरच्या-खालच्या थरांतला फरक, मग फ्रान्समधला, आणि दोन देशांची तुलना सर्वांत शेवटी. उलट क्रमाने गेलात की पुन्हा सन विरुद्ध ल मोंद सुरू होतं.

मथळे उद्धृत करताना मूळ शब्द देवनागरीत, सोबत अर्थ, आणि कोटी असेल तर एका वाक्यात ती का जमते ते लिहा. भाषांतर यंत्रावर टाकू नका. 'नोत्र द्राम'चं काय होतं ते करून बघा.

निष्कर्षात 'फ्रेंच वृत्तपत्रं' आणि 'ब्रिटिश वृत्तपत्रं' असे कर्ते आले की तिथं थांबा आणि पेपरांची नावं घाला. नावं घातल्यावर वाक्य खोटं ठरत असेल तर ते काढून टाका. परिशिष्टात जाळी आखलेली पानं जोडा, प्रत्येक पानाखाली आवृत्ती आणि विक्रीला आल्याची तारीख लिहा. ल मोंदखाली दोन्ही तारखा.